आयर्विंग पेन: राखाडी पडदा, खिडकीचा उजेड आणि उभा माणूस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "फॅशन फोटोग्राफीच्या वर्गात आयर्विंग पेन यांचं नाव सतत येतं. पण फोटो पाहिले की राखाडी पडदा आणि त्यासमोर स्थिर उभी असलेली बाई, एवढंच दिसतं. रिचर्ड अॅव्हेडन यांचे फोटो पाहून जीव हरखतो, पेन यांचे पाहून तसं होत नाही. मग पेन एवढे मोठे का? आणि आज डिजिटल कॅमेऱ्यावर कपड्यांचे फोटो काढणाऱ्याने त्यांच्याकडून नेमकं काय घ्यावं?"

कपड्यांचे फोटो काढणं हाच माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय आहे आणि पेन यांची पुस्तकं मी अजूनही अधूनमधून काढून बसतो. त्यामुळे उत्तर लांबेल. माझं म्हणणं आधीच सांगतो. पेन यांनी फोटोतून एकेक गोष्ट बाहेर काढत नेली आणि जे उरलं त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं इतकं बारकाईने पाहिलं. सगळं काढून टाकल्यावर ड्रेसला लपायला जागा राहत नाही, मॉडेलला राहत नाही आणि फोटोग्राफरला तर अजिबात राहत नाही. शिवण वाकडी असेल तर ती दिसते, खांदा अवघडलेला असेल तर तो दिसतो, उजेड चुकला असेल तर सगळाच फोटो पडतो.

ते आले तेव्हा या क्षेत्राची रीत वेगळी होती. एडवर्ड स्टायकन, हॉर्स्ट, सेसिल बीटन ही मोठी नावं. कामं अप्रतिम, पण पुष्कळ फोटोंत एक छोटंसं नाटक उभं केलेलं असे: खांब, आरसे, फुलदाण्या, झालरी, दिव्यांनी घडवलेल्या गडद सावल्या. ड्रेस म्हणजे त्या नाटकातलं एक पात्र. महायुद्ध संपल्यावर अॅव्हेडन यांनी मॉडेलला पॅरिसच्या रस्त्यावर, कॅफेत, सर्कशीत नेलं. 1955 मधला, हत्तींच्या मध्ये उभ्या असलेल्या डोव्हिमा या मॉडेलचा फोटो तुम्ही पाहिलाच असेल. तिथे गोष्ट आहे, हालचाल आहे, म्हणून तो पहिल्या नजरेत पकडतो. पेन यांनी नाटकही सोडलं आणि रस्ताही सोडला. त्यांचा फोटो पहिल्या नजरेत शांत वाटतो, पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पाहिला की उलगडत जातो. तुम्हाला तो अजून भिडला नसेल तर बहुधा तुम्ही तो मोबाइलच्या पडद्यावर, बोटाएवढ्या आकारात पाहिला असेल. त्या आकारात पेन यांचं काम कळत नाही.

त्यांचा जन्म 16 जून 1917 चा, न्यू जर्सीतल्या प्लेनफिल्डचा. व्हायचं होतं चित्रकार. फिलाडेल्फियात ते अलेक्सी ब्रोडोविच यांच्या हाताखाली शिकले. ब्रोडोविच 'हार्पर्स बाझार'चे आर्ट डायरेक्टर होते, आणि पानावरच्या कोऱ्या जागेला छापलेल्या मजकुराइतकंच वजन असतं हे त्यांनी एका अख्ख्या पिढीला शिकवलं. पेन यांची काही रेखाटनं त्या मासिकात छापून आली आणि त्या कमाईतून त्यांनी रोलायफ्लेक्स कॅमेरा घेतला. न्यूयॉर्कमध्ये फिरून ते दुकानांच्या पाट्या, खिडक्या, भिंतींवरची अक्षरं टिपू लागले. 1941 मध्ये नोकरी सोडून ते मेक्सिकोला गेले आणि वर्षभर चित्रं काढली. ती मनासारखी उतरली नाहीत. तेव्हा त्यांनी कॅनव्हासवरचा रंग सरळ धुऊन टाकला. स्वतःच्या कामाला लावायची ही कडक फूटपट्टी त्यांनी शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.

परत आल्यावर 'व्होग' या फॅशन मासिकाचे आर्ट डायरेक्टर अलेक्झांडर लिबरमन यांनी त्यांना 1943 मध्ये नोकरीला घेतलं. काम होतं मुखपृष्ठांच्या कल्पना सुचवण्याचं. मासिकाच्या जुन्याजाणत्या फोटोग्राफरांना या नवख्याच्या कल्पना राबवण्यात रस वाटेना. मग लिबरमन म्हणाले, तूच काढ. 1 ऑक्टोबर 1943 च्या अंकावर पेन यांचं पहिलं मुखपृष्ठ आलं आणि त्यावर बाईच नव्हती. होती एक चामडी पर्स, हातमोजे, पट्टा, लिंबं आणि एक टपोरा पुष्कराज. फॅशनच्या मासिकात त्यांचा प्रवेश स्थिरचित्रातून झाला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वस्तू कशी ठेवायची, तिच्या कडेवर उजेड कुठे थांबवायचा, दोन वस्तूंमध्ये किती मोकळी जागा सोडायची, हे सगळं त्यांनी लिंबांवर आणि पर्सवर पक्कं केलं आणि मग ते माणसांकडे वळले. पुढच्या सहा दशकांत 'व्होग'ची दीडशेहून जास्त मुखपृष्ठं त्यांच्या नावावर जमा झाली.

मध्ये युद्ध आलं. अमेरिकन फील्ड सर्व्हिस या स्वयंसेवी संघटनेतून त्यांनी ब्रिटिश सैन्याबरोबर रुग्णवाहिका चालवली, आधी इटलीत आणि नंतर भारतात. त्या काळातही कॅमेरा जवळ होता. त्या फोटोंबद्दल जास्त लिहीत नाही, कारण त्यांचा खरा सूर लागला तो परतल्यानंतर.

1948 मध्ये त्यांनी एक विलक्षण प्रयोग केला. स्टुडिओतल्या दोन उभ्या फळ्या एकमेकींना टेकवून त्यांनी एक अरुंद कोपरा तयार केला, दोन भिंतींमधली चिंचोळी फट म्हणा. नामवंत माणसांना तिथे उभं केलं. मुष्टियोद्धा जो लुई, लेखक ट्रुमन कपोटी, चित्रकार जॉर्जिया ओकीफ, मार्सेल ड्यूशाँ, विंडसरच्या डचेस. नावाजलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोरचा आपला ठरलेला चेहरा पाठ असतो. त्या अडचणीच्या जागेत तो चेहरा चालेना. कुणी भिंतींना रेटा दिला, कुणी अंग चोरलं, कपोटी खुर्चीवर गुडघे टेकून अवघडून बसले. पेन यांनी तोंडाने फारसं काही सुचवायची गरजच राहिली नाही, जागेनेच माणसाला बोलतं केलं. फॅशनच्या विद्यार्थ्याने हे फोटो मुद्दाम पाहावेत. पोझ देहाला बाहेरून चिकटवता येत नाही, ती जागेतून येते, हे तिथे डोळ्यांना दिसतं.

त्याच वर्षाच्या अखेरीस ते 'व्होग'साठी पेरूला गेले. लिमामध्ये जीन पॅचेट या मॉडेलबरोबर फॅशनचं काम झालं. ते संपल्यावर बाकीची मंडळी परतली, आणि पेन एकटे कुस्कोला गेले. अँडीजमधलं हे उंचावरचं शहर. तिथल्या एका स्थानिक फोटोग्राफरचा, दिवसाच्या उजेडावर चालणारा स्टुडिओ त्यांनी नाताळाच्या दिवसांत भाड्याने घेतला. फरशी दगडी, मागे रंगवलेला जुना पडदा, एका बाजूने आकाशाचा उजेड. नाताळाला फोटो काढून घ्यायला आलेल्या लोकांना आत गेल्यावर त्यांचा नेहमीचा फोटोग्राफर दिसायचा नाही, दिसायचा हा परका माणूस, आणि तो पैसे घेण्याऐवजी त्यांनाच पैसे द्यायचा.

त्यातला दोन भावंडांसारख्या लहान मुलांचा फोटो प्रसिद्ध आहे. मध्ये एक छोटं स्टूल, त्यावर दोघांनी कोपर टेकलेले, एकमेकांचा हात धरलेला, पाय अनवाणी. अंगावरचे कपडे मोठ्या माणसांच्या कपड्यांची छोटी आवृत्ती वाटावेत असे, जाड कापडाचे, वापरून मऊ झालेले. तो फोटो मोठ्या आकारात मिळाला तर कापडाकडे पाहा. मुलाच्या विजारीच्या चुण्या, मुलीच्या झग्याचा जडपणा, काठाशी झालेली झीज. दिओर या पॅरिसच्या डिझायनरच्या गाऊनकडे ज्या नजरेने पाहावं त्याच नजरेने पेन यांनी हे कपडे पाहिलेत. कपडा महाग की स्वस्त हा मुद्दाच तिथे येत नाही, तो अंगावर कसा राहतो हा मुद्दा येतो. माझ्या मते पेन पूर्ण घडले ते कुस्कोच्या त्या खोलीत.

आता 1950 च्या पॅरिसकडे येऊ, कारण तुमच्या 'राखाडी पडद्या'चं मूळ तिथे आहे.

'व्होग'ने त्यांना शरद ऋतूतल्या नव्या कपड्यांचे फोटो काढायला पॅरिसला पाठवलं. रू द वोजिरार या रस्त्यावरच्या एका जुन्या फोटोग्राफी शाळेच्या सर्वांत वरच्या मजल्यावर त्यांनी जागा घेतली. दिवे नकोत, फक्त खिडकीचा उजेड. पॅरिसमध्येच त्यांना एका नाट्यगृहाचा जुना, डागाळलेला, राखाडी रंगकामाचा पडदा मिळाला. तो त्यांनी मागे लावला, पुढे न्यूयॉर्कला नेला आणि आयुष्यभर वापरला. 2017 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांच्या जन्मशताब्दीचं प्रदर्शन भरवलं तेव्हा तो पडदाही मांडला होता. फॅशन हाउसमधले कपडे दिवसभर ग्राहकांना दाखवायचे असत, त्यामुळे ड्रेस मधल्या वेळात सायकलवरून घाईघाईने स्टुडिओत यायचे आणि तसेच परत जायचे. हाताशी वेळ थोडा आणि तोही उजेडाच्या मर्जीवर.

इथे थोडं तांत्रिक लिहितो.

उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या खिडकीतून सहसा थेट ऊन येत नाही, आकाशाचा पसरलेला उजेड येतो. खिडकी मोठी असेल आणि माणूस तिच्या जवळ असेल तर उजेड अंगावर गोलाईने वळतो आणि सावलीची कड हळूहळू विरघळते. माणूस खिडकीपासून लांब गेला की उजेड कमी होतो आणि त्याची वळण घेण्याची ताकदही जाते. पडदा माणसाच्या किती मागे आहे आणि खिडकीपासून किती दूर आहे यावर त्याचा राखाडी रंग उजळ दिसणार की गडद, हे ठरतं. म्हणजे एका पडद्यात अनेक राखाडी छटा असतात. काळ्या ड्रेसमागे तो उजळ ठेवायचा, म्हणजे बाह्यरेषा कापून काढल्यासारखी स्पष्ट दिसते. पांढऱ्या ड्रेसमागे तो खाली उतरवायचा. पडद्यावरचे अस्पष्ट ढगासारखे फटकारेही कामाचे असतात. सपाट रंगाच्या कागदासमोर आकृती कात्रणासारखी चिकटलेली दिसते, त्या फटकाऱ्यांमुळे तिच्या मागे हवा आहे असं वाटतं.

दुसरी गोष्ट कॅमेऱ्याच्या उंचीची. रोलायफ्लेक्समध्ये वरून खाली, काचेत पाहावं लागतं, त्यामुळे कॅमेरा साहजिकच कमरेच्या आसपास राहतो. उभ्या माणसाच्या कमरेच्या पातळीवर कॅमेरा असला की डोक्यापासूनचं आणि पायापासूनचं अंतर जवळपास सारखं पडतं, आणि ड्रेसचं प्रमाण शिंप्याने बेतलं तसंच राहतं. डोळ्यांच्या उंचीवरून काढलात की डोकं मोठं, पाय आखूड आणि घेर दबलेला. आज निम्म्याहून जास्त कपड्यांचे फोटो याच एका कारणाने बिघडतात, कारण सगळे उभ्याने, कॅमेरा डोळ्याला लावून काढतात. त्या काचेत चित्र डावी-उजवी बाजू उलटून दिसतं, याचाही फायदा असतो. ओळखीचा देह अनोळखी होतो आणि आकार म्हणून दिसायला लागतो.

पॅरिसच्या त्या मालिकेतला, बालेन्सियागा या डिझायनरच्या बाहीचा फोटो घ्या. मॉडेल रेजिन दब्रीज. बाही एवढी फुगीर की फोटोचा विषय तीच. पेन यांनी ती कशी दिसेल असं पाहिलं? आधी काळ्या आकाराचं वजन ठरवलं, मग त्या काळ्यात कापडाची सळसळ कळेल एवढाच उजेड बाजूने येऊ दिला. समोरून उजेड टाकला असता तर काळं कापड सपाट झालं असतं. बाजूने तिरपा येणारा उजेड प्रत्येक चुणीच्या एका अंगाला लागतो, दुसरं अंग अंधारात राहतं, आणि चुणी किती खोल आहे ते कळतं. बालेन्सियागा ज्या गोष्टीसाठी ओळखले जात, म्हणजे अंगापासून सुटून स्वतःच्या आकाराने उभं राहणारं कापड, ती गोष्ट या फोटोत जशी कळते तशी फॅशन शोच्या शंभर फोटोंतून कळत नाही.

आणि हे एकट्या फोटोग्राफरचं काम नव्हतं. लिसा फोन्साग्रीव्ह यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय पेन यांच्याबद्दल लिहिणं अपुरं आहे. 1911 मध्ये स्वीडनमध्ये जन्मलेली ही बाई मुळात नर्तकी. 1939 मध्ये आयफेल टॉवरच्या कडेला लटकून घेर उडवणारी जी मॉडेल अर्विन ब्लुमेनफेल्ड यांच्या फोटोत दिसते ती हीच. पेन यांची आणि तिची भेट 1947 मध्ये झाली, नामवंत मॉडेल्सच्या एका समूहचित्राच्या वेळी, आणि सप्टेंबर 1950 मध्ये त्यांनी लग्न केलं. त्या काळच्या फिल्मला खिडकीचा उजेड पुरायला एक्स्पोजर (फिल्मवर उजेड पडू देण्याची वेळ) लांब द्यावं लागे, म्हणजे मॉडेलला श्वास धरून स्थिर राहावं लागे. स्थिर राहताना देह मेलेला दिसू नये, यासाठी नर्तकीचं अंग लागतं. रोशास या फॅशन हाउसच्या मत्स्यकन्या ड्रेसच्या फोटोत तिच्या देहाचा बाक पाहा. ती उभी आहे, पण मानेपासून घोट्यापर्यंत एक ताण धावतोय. तो तिने स्वतः धरलाय. पुढे ती शिल्पकार झाली, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही. पेन यांच्या चांगल्या फोटोंचं श्रेय वाटायचं झालं तर तिचा वाटा फार मोठा निघेल, आणि तो बहुतेक लेखांत एका ओळीत उरकला जातो.

ड्रेस येण्या-जाण्याच्या मधल्या वेळात पेन यांनी त्याच जागेत, त्याच पडद्यासमोर आणखी एक काम केलं. पॅरिसमधले कष्टकरी कामाच्या कपड्यांत आणि कामाच्या हत्यारांसह तिथे आणले: कोळसेवाला, काकड्या विकणारा, खाटीक, केक-पाव बनवणारे आचारी. पुढे लंडन आणि न्यूयॉर्कमध्येही हे चालू राहिलं. 'स्मॉल ट्रेड्स' या नावाने ही मालिका ओळखली जाते. तिन्ही शहरांचा स्वभाव वेगळा असल्याचं पेन यांनी नंतर लिहून ठेवलंय. पॅरिसच्या लोकांना यात काहीतरी काळंबेरं आहे असं वाटे, पण पैशांसाठी ते येत. लंडनची माणसं कामाच्या कपड्यांत अभिमानाने उभी राहत. न्यूयॉर्कमध्ये मात्र बजावून सांगूनही काही जण दाढी घोटून, रविवारचा सूट चढवून हजर होत.

तुमच्या 'पेन मोठे का' या प्रश्नाला मी एकच मालिका दाखवून उत्तर द्यायचं ठरवलं तर ही दाखवेन. दिओर, बालेन्सियागाच्या गाऊनसाठी जो पडदा, जो उजेड, जी कॅमेऱ्याची उंची, तीच कोळसेवाल्यासाठी. लंडनच्या मासळीवाल्याचा ओला ॲप्रन आणि हातातले मासे पाहा. ॲप्रनच्या दुमडीवर उजेड तितक्याच आदराने थांबलाय. फॅशनचा फोटोग्राफर म्हणून त्यांनी जे कसब मिळवलं ते त्यांनी श्रीमंतांपुरतं राखून ठेवलं नाही. आणि उलटही घडलं: कष्टकऱ्याच्या अंगावर कपडा ज्या सहजतेने बसलेला असतो ती सहजता ते गाऊनमध्ये शोधू लागले.

पुढे 1967 नंतर नेपाळ, दाहोमे (आजचं बेनिन), कॅमेरून, न्यू गिनी, मोरोक्को इथे ते स्वतःचा तंबूच स्टुडिओ म्हणून घेऊन गेले. ही जागा त्यांची नाही आणि समोरच्याचीही नाही, म्हणून दोघं तिथे बरोबरीने भेटतात, अशी त्यांची भूमिका होती. या कामावर टीका झालीय आणि मला ती रास्त वाटते. न्यू गिनीच्या माणसाला त्याच्या गावातून, सणातून, कामातून उचलून कोऱ्या पडद्यासमोर ठेवलं की त्याचा पेहराव 'फॅशन'सारखा पाहिला जातो आणि त्यामागचा अर्थ गळून पडतो. पॅरिसच्या मॉडेलला हा फोटो कुठे छापला जाणार हे ठाऊक होतं, तंबूतल्या माणसाला ते ठाऊक असणं कठीण. बरोबरी फक्त उजेडापुरतीच होती. तरीही हे फोटो मी बाजूला सारत नाही, कारण त्या माणसांची नजर कॅमेऱ्यावर रोखलेली आहे आणि पेन यांनी ती मऊ केलेली नाही. तुम्ही पाहाल तेव्हा दोन्ही गोष्टी मनात ठेवून पाहा.

छपाईबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण वर्गात हा भाग सहसा वगळला जातो. मासिकाच्या पानावर आपले फोटो जसे छापले जात त्यावर पेन समाधानी नव्हते. 1964 च्या सुमारास ते प्लॅटिनम प्रिंटकडे वळले. नेहमीच्या प्रिंटमध्ये चांदीचे कण जिलेटिनच्या थरात, कागदाच्या वर बसतात. प्लॅटिनममध्ये तो जिलेटिनचा थरच नसतो, धातू कागदाच्या तंतूंत मुरतो. त्यामुळे चकाकी नसते, करड्या छटांची रांग फार लांब मिळते आणि प्रिंट पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पण तो तयार कागद बाजारातून केव्हाच गेला होता. कागदावर रसायन हाताने फासायचं, निगेटिव्ह प्रिंटएवढ्याच आकाराचं करायचं आणि दोन्ही एकमेकांना चिकटवून तीव्र अतिनील प्रकाशात धरायचं, असा तो उद्योग. एका थराने त्यांचं समाधान होईना. पुन्हा थर द्यायचा, पुन्हा प्रकाश द्यायचा, तर ओला होऊन वाळलेला कागद आकसतो आणि दुसऱ्यांदा निगेटिव्ह जुळत नाही. यावर त्यांनी कागद ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिकटवण्याची युक्ती काढली. पत्रा आकसत नाही, म्हणून निगेटिव्ह केसभरही न सरकता पुन्हा तिथेच बसतं. प्लॅटिनम आणि पॅलेडियमचं प्रमाण थरागणिक बदलून ते काळ्याची खोली आणि करड्याची ऊब हवी तशी आणत.

याचा परिणाम असा की 1950 मधल्या फोटोंच्या ज्या प्रिंट आज संग्रहालयांत दिसतात त्यांतल्या पुष्कळ त्यांनी नंतरच्या दशकांत नव्याने केल्या आहेत. मासिकातला फोटो आणि भिंतीवरची प्रिंट या दोन वेगळ्या कलाकृती समजा. आणि या तंत्राने त्यांनी काय छापलं? 1972 मध्ये रस्त्यावरून उचललेली सिगारेटची थोटकं. 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने ती प्रदर्शित केली. चुरगळलेला कागद, बाहेर आलेली तंबाखू, अर्धवट पुसलेलं कंपनीचं नाव, आणि हे सगळं माणसाच्या पोर्ट्रेटच्या थाटात. कुणाला ती विक्षिप्त वाटतात. मला ती कुस्कोच्या मुलांची आणि कोळसेवाल्याची नातलग वाटतात.

जाहिरातीचं कामही त्यांनी कमी लेखलं नाही. 1968 पासून 'क्लिनिक' या सौंदर्यप्रसाधनांच्या ब्रँडसाठी त्यांनी जाहिराती केल्या. सौंदर्यप्रसाधनाची जाहिरात, आणि तीत चेहरा नाही: नुसत्या बाटल्या, साबण, आणि एक तर फक्त पेल्यात ठेवलेला टूथब्रश. ऐंशीच्या दशकापासून 1999 पर्यंत जपानी डिझायनर इस्सी मियाके यांच्याबरोबर चाललेलं काम तर अजोड आहे. मियाके कपडे न्यूयॉर्कला पाठवत आणि स्वतः शूटला जातच नसत. कपडा कसा घालायचा, कुठल्या बाजूने पाहायचा हे पेन यांच्यावर सोडलेलं. पांढऱ्या पार्श्वभूमीवर मियाकेंचे चुणीदार कपडे कधी कीटकासारखे, कधी कागदी कंदिलासारखे दिसतात. क्लायंटने फोटोग्राफरवर इतका विश्वास टाकावा, आणि फोटोग्राफरने तो इतकी वर्षं सांभाळावा, हे आमच्या धंद्यात विरळा. 1992 मध्ये लिसा गेल्या. पेन काम करत राहिले, आणि 7 ऑक्टोबर 2009 रोजी न्यूयॉर्कमध्ये, 92 व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आता तुमचा दुसरा प्रश्न: आज काय घ्यावं.

कोरी पार्श्वभूमी घेतली म्हणजे पेन आले असं समजू नका. ऑनलाइन दुकानांचे फोटोही कोऱ्या पार्श्वभूमीवर असतात, पण तिथे उजेड चारही बाजूंनी सारखा टाकलेला असतो, सावली पुसून टाकलेली असते, म्हणून कापडाचं वजन कळत नाही. मलमल आणि डेनिम तिथे एकसारखे दिसतात. पेन यांचा उजेड एका बाजूचा आहे. तुम्ही एक मोठी खिडकी निवडा, तिला ऊन लागत नाही अशी वेळ धरा, आणि बाकी सगळे दिवे बंद करा. समोरच्या बाजूने उजेड परतवणारा पांढरा रिफ्लेक्टर लावायची घाई करू नका. उलट तिथे काळा बोर्ड लावून पाहा. सावली गडद होईल आणि ड्रेसची कड ठाम होईल. मग बोर्ड थोडाथोडा मागे न्या आणि कापडाचा पोत कुठे उमलतो ते पाहा.

कॅमेरा तिपाईवर, मॉडेलच्या कमरेच्या उंचीवर. लेन्स वाइड नको. मागे सरकायला जागा करा. पडदा म्हणून साधा जाड कॅनव्हास घ्या, पाणी घातलेला राखाडी आणि तपकिरी रंग फडक्याने असमान फासा, आणि तो मॉडेलच्या इतका मागे लावा की त्यावर तिची सावली पडणार नाही. काळा ड्रेस असेल तर एक्स्पोजर काळ्यातल्या तपशिलावर ठरवा, पण त्याला करडा होऊ देऊ नका. काळं काळंच दिसलं पाहिजे आणि त्यात शिवणही दिसली पाहिजे. हे साधलं की अर्धं काम झालं.

आणि मॉडेलला वेळ द्या. मिनिटाला तीस फ्रेम मारल्या की ती प्रत्येक क्लिकला नवी पोझ देत जाते आणि एकही पोझ अंगात मुरत नाही. तिला एका जागी उभं करा, वजन एका पायावर घ्यायला सांगा, आणि थांबा. पहिल्या काही मिनिटांतला शिकवलेला आविर्भाव गळतो, खांदे आपोआप खाली येतात, ड्रेस अंगावर स्थिरावतो. क्लिक तेव्हा करा. मॉडेल नवखी असेल तर हे जास्त वेळ घेतं, पण फरक पडतो.

पेन यांचं काम पाहायला सुरुवात करायची असेल तर 'स्मॉल ट्रेड्स'पासून करा, मग 1950 च्या पॅरिसचे ड्रेस, मग सिगारेटची थोटकं. छापील पुस्तकातून, मोठ्या आकारात. 1 एप्रिल 1950 च्या 'व्होग'चं जीन पॅचेटचं काळं-पांढरं मुखपृष्ठ मात्र शेवटी ठेवा. चेहऱ्यावर जाळी, डोळे बाजूला वळलेले, एवढंच. बाकीचं काम पाहून झाल्यावर ते पुन्हा बघा आणि उजेड कुठल्या बाजूने आलाय, पांढरं किती आणि काळं किती, हे कागदावर पेन्सिलीने रेखाटून पाहा. अॅव्हेडन आवडतात ते आवडू द्या, त्यासाठी पेन यांना बाजूला ठेवायची गरज नाही. शूट करून झालं की दोन-तीन फ्रेम दाखवा. कॅमेऱ्याची उंची आणि खिडकीपासूनचं अंतर तेवढं सोबत लिहा, म्हणजे काय बदलायचं ते नीट सांगता येईल.